आवड आधी की निवड आधी?

मुक्तछंद
माझी भाची पुढे काय शिकायचं हे ठरवायच्या टप्प्यावर आहे. जो भेटतो तो तिला एकच सांगतो, "तुला आवडेल ते कर." सांगणारा मोकळा होतो आणि ती अडकते. तिचं म्हणणं सरळ आहे : जे मी कधी केलंच नाही ते मला आवडेल की नाही, हे मी आत्ताच कशावरून सांगू?

आपण सगळे असं धरून चालतो की आवड आत कुठेतरी तयारच असते. ती ओळखायची आणि तिच्या मागे जायचं. मला आजूबाजूला उलटा क्रम जास्त दिसतो. माणूस आधी काहीतरी धरतो, कुणी सुचवलं म्हणून, हाताशी होतं म्हणून, मैत्रीण जात होती म्हणून. त्यात राहता राहता ते आवडू लागतं आणि मग तो मनापासून सांगतो की मला लहानपणापासून याचीच ओढ होती.

जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाचा १९५६ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याने स्त्रियांना घरगुती वापराच्या काही उपकरणांना आवडीप्रमाणे गुण द्यायला सांगितले. मग त्यांतली दोन पुढे ठेवून एक निवडायला सांगितलं. निवड झाल्यावर पुन्हा गुण मागितले, तर निवडलेल्याचे गुण वाढलेले आणि सोडलेल्याचे घटलेले. मधल्या वेळात उपकरणांत काहीच बदललं नव्हतं. निवड तेवढी झाली होती.

तुमची एखादी पक्की आवड घ्या आणि ती कुठून आली हे नीट आठवून लिहा. भाचीला हा धागा वाचायला देणार आहे, त्यामुळे मनापासून लिहाल तर खरंच उपयोग होईल.

टिंब
वाचतेय. 'आपला तो बाब्या' या म्हणीला प्रयोगाचा आधार मिळाला म्हणायचा :)

रानवाट
माझं उदाहरण देतो. मुद्रितशोधनाचं काम मी मागून घेतलेलं नाही. पुस्तकांच्या जवळपास काहीतरी काम हवं होतं आणि रिकामी जागा होती ती प्रुफं तपासणाऱ्याची. सुरुवातीला रोज वाटायचं, दुसऱ्याचे अनुस्वार शोधत बसायचं का जन्मभर? मग हळूहळू नजर बसत गेली. ओळीच्या शेवटी जोडाक्षर तुटलेलं असलं की पान हातात घेताच खटकायला लागलं. 'दिन'चा 'दीन' झालेला लांबूनही दिसायला लागला. शेवटचं प्रूफ मी खालून वर वाचतो, शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे. मजकुराच्या ओघात मन वाहून गेलं की डोळा अक्षर पाहत नाही, पुढचं अक्षर काय असणार ते स्वतःच भरून घेतो. उलटं वाचलं की प्रत्येक शब्द एकटा समोर येतो आणि लपायला जागा राहत नाही.

आज कुणी दुसरं काम देऊ केलं तरी मी उठणार नाही. ही आवड माझ्यात आधीपासून होती का? मला तरी तिचा मागमूस आठवत नाही. जसं दिसायला लागलं तसं आवडायला लागलं.

पाटीपेन्सिल
रानवाट, प्रतिसाद फार आवडला. मी शिकवते, त्यामुळे हे रोज समोर घडताना पाहते. भूमितीचा कंटाळा करणाऱ्या मुलाला एखादी सिद्धता स्वतःची स्वतः सुटली की त्याची बसण्याची पद्धतसुद्धा बदलते. त्याआधी मी कितीही सांगितलं की भूमिती सुंदर आहे, तरी ते कानावरून जातं.

नुसत्या परिचयानेही आवड वाढते, यावर रॉबर्ट झायन्स यांचं १९६८ चं काम आहे. लोकांना अर्थ न कळणारी अक्षरचिन्हं दाखवली, काही एकदाच, काही २५ वेळांपर्यंत. जी जास्त वेळा दिसली ती लोकांना जास्त चांगल्या अर्थाची वाटली. पण याला मर्यादा आहेत. पहिल्याच भेटीत जे नकोसं झालं, ते पुन्हा पुन्हा समोर आणून आवडत नाही, उलट नावड घट्ट होते. वर्गात हे लक्षात ठेवावं लागतं. घाबरलेल्या मुलापुढे तेच गणित दहा वेळा मांडलं तर त्याची भीती तेवढी पक्की होते.

अर्धविराम
पण 'अतिपरिचयात अवज्ञा' असंही आपणच म्हणतो ना?

पाटीपेन्सिल
@अर्धविराम, दोन्ही खरं आहे. साधी, उथळ गोष्ट लवकर ओळखीची होते आणि लवकर विटते. जिच्यात खोली असते तिची ओळख व्हायलाच वेळ लागतो, म्हणून ती पुरते. पहिल्यांदा ऐकल्यावर डोक्यावरून गेलेली संगीतरचना दहाव्यांदा उलगडते, आणि पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसलेली धून आठवड्याने नको होते.

सडेतोड
मी या सगळ्याशी असहमत आहे. मला दोन मुलं. घर तेच, आईबाप तेच, खेळणी तीच. थोरला रांगायचा तेव्हापासून प्रत्येक वस्तू उघडून आत काय आहे ते पाहायचा. धाकटी त्याच वस्तूंना नावं देऊन त्यांच्याशी गप्पा मारायची. आज एक यंत्रांत रमतो, दुसरी माणसांत. कुणी कुणावर काही लादलं नाही. पिंडे पिंडे मतिर्भिन्ना. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचे अभ्यास झाले आहेत, त्यांतही स्वभाव आणि कल यांत आनुवंशिकतेचा बऱ्यापैकी वाटा दिसतो.

आणि ब्रेमच्या प्रयोगाबद्दल. २०१० मध्ये चेन आणि रायझन यांनी त्यातली एक गोची दाखवून दिली. पहिल्यांदा दिलेले गुण कधीच तंतोतंत नसतात, त्यांत थोडा अंदाज असतोच. दोन वस्तूंना सारखे गुण दिले म्हणजे त्या मनात सारख्या होत्या असं नाही. एक किंचित वर असणारच आणि निवडीच्या वेळी तीच उचलली जाते. मग दुसऱ्यांदा गुण देताना फरक दिसला, तर तो निवडीमुळे पडला की आधीपासूनच होता? त्या प्रयोगाच्या रचनेतून ते सांगता येत नाही. तेव्हा निवडीने आवड घडते, हे या आधारावर तरी म्हणू नका.

मुक्तछंद
सडेतोड, आक्षेप रास्त आहे आणि तुम्ही तो छान उलगडून सांगितलात. पण मग ज्यात निवड प्रत्यक्षात माणसाने केलेलीच नाही, फक्त केली असं त्याला वाटतंय, असा प्रयोग पाहिजे. तिथे 'ते आधीपासूनच आवडत होतं' ही शंका उरणार नाही.

अर्धविराम
आहे तसा! स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले पेटर योहान्सन आणि लार्स हॉल. २००५ साली त्यांनी लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून कुठला जास्त आकर्षक वाटतो ते विचारलं. उत्तर आलं की हातचलाखीने फोटो बदलायचे, नाकारलेलाच फोटो हातात द्यायचा आणि विचारायचं, "हा का निवडलात?" बहुतेकांना अदलाबदल कळलीच नाही. ते शांतपणे कारणं देत राहिले. काहींनी तर अशी कारणं दिली जी फक्त त्या दुसऱ्या चेहऱ्यालाच लागू होती. डोळे असे आहेत, कानातलं आवडलं, वगैरे.

त्याच गटाने २०१४ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. अशी फसवणूक झालेल्यांना नंतर पुन्हा निवडायला लावलं. जो चेहरा त्यांनी खरं तर नाकारला होता, पण आपण निवडला असं त्यांना वाटत होतं, तो आता त्यांना जास्त आवडू लागला होता.

मला हे वाचल्यापासून 'मला अमुक का आवडतं' या प्रश्नाच्या माझ्याच उत्तरावर पूर्वीइतका विश्वास ठेवता येत नाही. आवड खरी असते. तिची कारणं आपण मागाहून जुळवतो.

सडेतोड
हा प्रयोग दमदार आहे. पण चेहऱ्याचा फोटो म्हणजे आयुष्याची दिशा नव्हे. अनोळखी चेहऱ्याबाबत माझं मत मुळातच पातळ असतं. ते कुठेही वळेल. माझ्या धाकटीला यंत्रांच्या कामाला बसवून 'तूच निवडलंस' असं सांगून बघा.

टिंब
थोडं अवांतर. माझ्या गाण्यांची यादी एका वयानंतर पुढे सरकलेलीच नाही. नवीन ऐकते, बरं वाटतं, पुन्हा जुन्याकडे येते. असं सगळ्यांचं होतं का?

एकरेघ
होतं. हॉलब्रुक आणि शिंडलर यांचा १९८९ चा अभ्यास आहे. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली, तर आपण साधारण २३-२४ वर्षांचे असताना गाजलेली गाणी लोकांना सर्वांत जास्त आवडतात असं दिसलं.

टिंब
म्हणजे प्रत्येक पिढीचं "आमच्या वेळची गाणी" हे म्हणणं प्रामाणिक असतं. जीव हलका झाला :)

एकरेघ
याला जोडूनच. क्वाइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन यांनी २०१३ मध्ये १९ हजारांहून जास्त लोकांना विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुमचा स्वभाव, मूल्यं, आवडी किती बदलल्या आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलतील? जवळजवळ प्रत्येक वयाचे लोक म्हणाले की मागे खूप बदललो, पुढे फारसं बदलणार नाही. आज मी जो आहे तो आता पक्का झालो, असं विशीतल्यालाही वाटतं आणि पन्नाशीतल्यालाही. मुक्तछंद यांच्या भाचीसाठी हे महत्त्वाचं आहे. आज ती ज्या मुलीसाठी निवड करते आहे ती मुलगी दहा वर्षांनी तशीच असणार नाही.

अनाहूत
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. तुम्ही सगळे असं गृहीत धरताय की निवडायची संधी असते.

माझ्या आईला काय आवडतं हे विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "तुम्हाला आवडेल ते." आम्ही तो तिचा मोठेपणा समजायचो. यॉन एल्स्टर या विचारवंताने १९८० च्या दशकात यावर खोल लिहिलं आहे. त्याला कोल्ह्याच्या आंबट द्राक्षांचीच गोष्ट आठवली. जे मिळणारच नाही त्याची इच्छाच मन हळूहळू पुसून टाकतं आणि उरेल त्याला आवड म्हणतं. अमर्त्य सेन यांनी हाच मुद्दा गरिबी आणि स्त्रियांच्या परिस्थितीबद्दल मांडला. माणूस 'मी समाधानी आहे' म्हणतो यावरून त्याचं बरं चाललंय असं ठरवता येत नाही.

आई एकटी राहायला लागल्यावर तिच्या खोलीला रंग द्यायचा होता. मी छटांचं कार्ड तिच्यापुढे ठेवलं. तिने ते न उघडताच "कुठलाही चालेल" म्हटलं. रंगाऱ्याने भिंतीवर हातभर रुंदीचे तीन पट्टे मारून ठेवले आणि तो निघून गेला. आधी तिने तिकडे पाहिलंच नाही. मग सकाळी खिडकीतून ऊन आलं तेव्हा एकदा थांबली. संध्याकाळी दिवा लावून परत पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तो मधला दिवसा चांगला दिसतो, पण रात्री आजारी वाटतो." मग डावीकडचाच, पण एक घर फिका, असं तिने कार्डावर बोट ठेवून सांगितलं. माझ्या माहितीत तिने 'हा नको, तो' असं पहिल्यांदाच म्हटलं. त्यानंतर ती पडद्यांबद्दल बोलली, मग खुर्ची कुठे हवी त्याबद्दल.

टिंब
अनाहूत, काय सुंदर लिहिलंय.

सडेतोड
अनाहूत, मनाला भिडलं. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं असं मला वाटतं. त्यांची रंगाची जाण दबलेली होती. संधी मिळताच वर आली.

अनाहूत
नाही सडेतोड, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. वर येण्यासारखं काही तयार नव्हतं. पहिल्या दिवशी ती खरंच सांगू शकत नव्हती, आणि ते संकोचामुळे नव्हतं. ऊन आणि दिवा या दोन्हींत पाहिल्यावर, एकदा नाकारल्यावर, मग तिला कळत गेलं. नजर तिची होतीच, तेवढं मान्य. पण नजर असणं वेगळं आणि आवड असणं वेगळं. आवड त्या भिंतीसमोर दोन दिवसांत तयार झाली, माझ्या डोळ्यांदेखत. आणि ती तयार झाली कारण तिच्या म्हणण्याने भिंतीवर खरंच काहीतरी होणार होतं. नुसतं मत विचारलं असतं तर उत्तर 'कुठलाही' हेच राहिलं असतं.

सडेतोड
हा फरक विचार करण्यासारखा आहे. धाकटीच्या बाबतीतही कल जन्मजात होता असं मी म्हणेन, पण माणसांतलं नेमकं कुठलं काम, हे तिला करूनच कळलं, हे खरं.

गुणाकार
गणितातलं एक सांगतो. एकामागून एक पर्याय येत असतील, सोडलेला परत मिळत नसेल आणि एकूण किती येणार हे माहीत असेल, तर पहिले साधारण ३७ टक्के नुसते पाहायचे, कुणालाही हो म्हणायचं नाही. त्यानंतर आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा चांगला जो पहिला येईल तो घ्यायचा. सर्वोत्तम पर्याय हाती लागण्याची शक्यताही साधारण ३७ टक्केच येते आणि याहून चांगली रीत नाही. गणिती कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी १९६० मध्ये आपल्या सदरातून हे कोडं लोकप्रिय केलं.

पाटीपेन्सिल
यात 'जास्त चांगला कोणता' हे बघताक्षणी कळतं असं धरलंय. इथला सगळा घोळ तिथेच तर आहे.

गुणाकार
अगदी. म्हणूनच मला यातला पहिला भागच उपयोगाचा वाटतो. सुरुवातीचा काही काळ निर्णयाची सक्ती नसताना नुसतं पाहायला मिळावं. त्या काळात निवडीचं माप तयार होतं.

एकरेघ
आणि बऱ्याचदा आपण निवडतच नाही. २००३ मध्ये जॉन्सन आणि गोल्डस्टाइन यांनी मरणोत्तर अवयवदानाच्या संमतीचे आकडे मांडले होते. जर्मनीत १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. दोन शेजारी देशांची मनं इतकी वेगळी नसतात. जर्मनीत संमती मुद्दाम नोंदवावी लागायची, ऑस्ट्रियात नकार मुद्दाम नोंदवावा लागायचा. आधीपासून जे लागू आहे त्यावर माणसं राहतात. शिक्षणाचंही तसंच होतं, सगळे जिकडे जातात ती वाट जणू आधीच टिक केलेली असते.

टिंब
पर्याय जास्त असले की माणूस गोंधळून काहीच निवडत नाही, असाही एक प्रयोग होता ना? २४ जॅम आणि ६ जॅम?

एकरेघ
हो, अय्यंगार आणि लेपर, २००० साल. पण पुढे २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांची एकत्र तपासणी झाली तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कधी गोंधळ होतो, कधी होत नाही. ज्याला आपलं काय हवंय ते ठाऊक आहे त्याला जास्त पर्याय बरेच वाटतात.

पाटीपेन्सिल
मूळ प्रश्नाकडे येते. भाचीला मी काय सांगेन?

"तुला काय आवडतं" हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेव. ज्या दोन-तीन क्षेत्रांचा विचार करते आहेस त्यांत काम करणाऱ्या माणसाला गाठ आणि विचार, तुमच्या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता? प्रत्येक कामात तो असतो आणि दिवसाचा मोठा हिस्सा त्यातच जातो. रानवाटांचं काम बाहेरून पाहिलं तर 'पुस्तकांच्या सहवासात' आहे. आतून ते पान उलटं वाचणं आहे. तो भाग सोसवेल का, त्यात काही दिसायला लागेल का, हे पाहावं. दुसरं, थोडं प्रत्यक्ष करून पाहावं, आणि असं की त्यातून खरं काहीतरी तयार होईल. अनाहूत यांच्या आईंच्या भिंतीसारखं. आणि परतीची वाट मोकळी राहील असाच मार्ग धरावा.

अर्धविराम
शेवटच्या वाक्यावर हरकत आहे. गिल्बर्ट आणि एबर्ट यांचा २००२ चा प्रयोग बघा. छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवायला सांगितला. काहींना सांगितलं, आता बदल नाही. काहींना सांगितलं, अजून काही दिवस बदलून मिळेल. ज्यांना बदलता येत नव्हतं त्यांना आपला फोटो जास्त आवडला. ज्यांची वाट मोकळी होती ते मनात तुलनाच करत राहिले. गंमत म्हणजे आधी विचारलं तर लोक बदलायची मुभा असलेलाच पर्याय मागतात.

पाटीपेन्सिल
फोटोसाठी मान्य. पण नको त्या अभ्यासक्रमात अडकून वर्षानुवर्षं कुढणारी मुलं मी पाहिली आहेत. दार बंद झाल्यावर त्यांना काही ते आवडू लागलं नाही.

रानवाट
मला वाटतं, वाट बंद करू नये, पण रोज उठून तिच्याकडे बघतही बसू नये. एक मुदत ठरवावी. तोवर तुलना बंद, काम चालू. मुदत संपली की मोकळ्या मनाने ठरवावं. माझी नजर बसायलाही बराच काळ गेला होता. दर आठवड्याला 'आवडतंय का' असं तपासलं असतं तर पहिल्याच महिन्यात सोडलं असतं.

सडेतोड
+१. मुदतीची कल्पना पटली. मात्र मुदत मुलीने ठरवावी, घरच्यांनी नको. ऐकावे जनाचे, करावे मनाचे.

मुक्तछंद
सगळ्यांचे आभार. तिने धागा इथपर्यंत वाचला. कंटाळवाण्या भागाचा प्रश्न तिला फार आवडला आणि तिने तो लगेच घरातल्या दोघांना विचारलाही. एक जण बराच वेळ बोलत राहिला, दुसऱ्याने विषय बदलला. तिच्या यादीत भाषेशी संबंधित कामही आहे. रानवाट, ती तुमच्याशी बोलली तर चालेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

रानवाट
जरूर. बोलण्याआधी मी न तपासलेल्या प्रुफाची चार पानं पाठवतो. तासभर एकटी बसून तिला चुका शोधू द्या, उत्तरं मी नंतर देईन. कंटाळा आला तर कितव्या पानावर आला तेही लिहून ठेवायला सांगा.